बदलीच्या गावची परसबाग

दिल्लीत मराठी माणूस केव्हा आला, हा विषय निघाला म्हणजे आपले बोट बहुधा बाजीरावांवर किंवा महादजींवर जाऊन थांबते. १७३७ साली बाजीराव दिल्लीच्या वेशीपर्यंत येऊन गेले, १७७१ साली महादजी शिंद्यांच्या फौजांनी शहर हाती घेतले आणि १८०३ च्या सप्टेंबरात पटपडगंजच्या लढाईनंतर ते इंग्रजांकडे गेले, हे सारे आपल्याला शाळेतच तोंडपाठ झालेले असते. ह्या इतिहासात घोडी आहेत, तोफा आहेत, खलिते आहेत; परंतु एवढी माणसे परमुलखात रोज जेवत काय होती, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. वास्तविक ह्या साऱ्या घडामोडींतील सर्वांत मोठा घाव अन्नाच्या वाटेनेच बसला. दुआबात राहून भाऊसाहेबांच्या सैन्याला रसद व पैसा पुरविण्याची आणि अब्दालीची रसद तोडण्याची कामगिरी गोविंदपंत बुंदेल्यांवर होती. १७६० च्या डिसेंबरात ते गाझियाबादच्या परिसरात मारले गेले आणि पानिपतच्या छावणीत उपासमार सुरू झाली. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठी फौज रणांगणावर उतरली ती उपाशी पोटी.

पानिपतच्या शिपायाशी आजच्या सरकारी नोकराची तुलना करणे ही अतिशयोक्ती होईल, हे आम्ही जाणतो. आपला पगार वेळेवर होतो, कोपऱ्यावर भाजीची गाडी उभी असते आणि आझादपूरच्या मंडईत देशभरचा माल उतरतो. तरीही त्या प्रसंगातील एक गोष्ट आपल्याला अजून चिकटून राहिली आहे. आपला हुद्दा दिल्लीत असतो आणि आपले कोठार गावाकडे. रजेवरून परतताना आपण पेटीत आमसुले, कुळथाचे पीठ, मेतकूट आणि गोडा मसाला भरून आणतो, आणि तो डबा तळाला गेला की कोण गावाकडून येणार आहे ह्याची चौकशी सुरू होते. ज्या गावी घर आपले नाही, जमीन आपली नाही आणि बदलीचा हुकूम केव्हा निघेल ह्याचा नेम नाही, त्या गावी माणसाने मातीत हात घालावा काय? गेल्या शंभर वर्षांत दिल्लीने ह्या प्रश्नाला काय उत्तर दिले, ते येथे पाहावयाचे आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. 'बाग' हा शब्द फारशीतून आला आणि त्यात शोभेचा, विहाराचा अर्थ आधीपासूनच आहे. आपल्या घरामागची जागा म्हणजे परस. कोकणातील घराच्या न्हाणीचे पाणी जिकडे वाहत जाते तिकडे अळू आणि केळ असते. कुंपणावर तोंडलीचा वेल चढलेला असतो. विहिरीजवळ कढीलिंब असतो आणि शेणगोठ्याशेजारच्या उकिरड्यावर कोणी न लावलेला भोपळा वाढत असतो. देशावर पाणी कमी, म्हणून तेथे शेवगा, अंबाडी, घेवडा. ह्या परसाचा हिशोब कोणी मांडत नाही. स्वयंपाकघराचे दार परसात उघडते आणि परसातील माल त्याच दाराने आत येतो, एवढाच त्याचा कारभार. परस ही स्वयंपाकघराचीच उघड्यावरची खोली होय, असे म्हटले तरी चालेल.

नवी दिल्ली वसली ती मात्र बागेच्या कल्पनेवर. १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात राजधानी कलकत्त्याहून हलविण्याची घोषणा झाली आणि १९३१ च्या फेब्रुवारीत नव्या शहराचे उद्घाटन झाले. एबेनेझर हॉवर्ड ह्यांच्या उद्याननगरीच्या विचारांचा त्या काळी इंग्लंडात बोलबाला होता. त्याची छाया ह्या आखणीवर पडली. रुंद रस्ते, दुतर्फा झाडे, आणि प्रत्येक बंगल्याभोवती एवढे मोठे आवार की त्यात आपल्याकडील एखादी वाडी सहज मावावी. समोर हिरवळ, कडेने मोसमी फुलांचे ताटवे, आणि मागच्या अंगाला, पाहुण्यांच्या नजरेआड, भाजीचा मळा अशी ही रचना. ह्या उष्ण आणि कोरड्या गावात विलायती हिरवळ जगावी म्हणून न गाळलेल्या पाण्याचे नळ बागांसाठी वेगळे टाकण्यात आले. कारकुनांच्या वाट्याला अर्थातच एवढा थाट आला नाही. गोल मार्केटभोवतालच्या क्वार्टरांना चौक मिळाला, अंगण मिळाले. १९४० च्या दशकात लोदी कॉलनी उभी राहिली. तरी दाराशी चार हात उघडी माती असावी, ही गोष्ट त्या काळी गृहीत धरलेली होती. आज ती आपल्याला श्रीमंती वाटते.

ह्या हिरवळीवर पहिला नांगर फिरला तो संकटामुळे. १९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या हाती पडला, तेथून येणारा तांदूळ थांबला आणि सरकारने 'अधिक धान्य पिकवा' ही मोहीम काढली. पुढच्याच वर्षी बंगालचा भीषण दुष्काळ आला. १९४६ च्या आरंभी पुन्हा अन्नटंचाईचे सावट पडले, तेव्हा गांधीजींनी फुलबागांच्या जागी खाण्याजोगे पीक काढावे, असा सल्ला जाहीरपणे दिला. १९४८ च्या जूनमध्ये राजगोपालाचारी गव्हर्नर जनरल म्हणून सरकारी प्रासादात राहावयास आले. देशात धान्याचा तुटवडा होता. तेव्हा त्यांनी स्वतः नांगर धरला आणि त्या प्रसिद्ध उद्यानाच्या आवारातील एक भाग धान्यासाठी राखून ठेवला. आज त्याच जागी राष्ट्रपती भवनाचा 'दालीखाना', म्हणजे भाजीचा मळा, आहे. ज्याला आपण मुघल उद्यान म्हणत होतो आणि २०२३ पासून ज्याचे नाव अमृत उद्यान आहे, ते पाहण्यासाठी दरवर्षी लोकांच्या रांगा लागतात. ह्या रांगेतील किती जणांना भाजीच्या मळ्यामागची ही हकीकत ठाऊक असेल?

त्या काळच्या दिल्लीत मराठी नावे थोडी नव्हती, आणि त्यांतील काहींचा ह्या विषयाशी निकट संबंध आहे. स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळात बांधकाम, खाणी व वीज ही खाती पुण्याच्या काकासाहेब गाडगिळांकडे होती. फाळणीनंतर शहर निर्वासितांनी भरून गेले होते आणि सरकारी नोकरांना डोक्यावर छप्पर हवे होते. तो भार त्यांच्या खात्यावर आला. पुढे विनयनगर वसले. सरोजिनीनगर, नेताजीनगर, नौरोजीनगर, लक्ष्मीबाईनगर ही त्याच्या विभागांची मागाहून दिलेली नावे. चिंतामणराव देशमुख १९५० ते १९५६ ह्या काळात अर्थमंत्री होते. रोखे आणि चलन ह्यांचे जाणकार म्हणून जग त्यांना ओळखते. परंतु केंब्रिजमध्ये त्यांनी वनस्पतिशास्त्रातील फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळविले होते आणि बागकाम हा त्यांचा आयुष्यभराचा छंद होता, ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. अमरावतीचे पंजाबराव देशमुख १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे केंद्रात कृषिमंत्री होते. १९५५ साली त्यांनी भारत कृषक समाज स्थापन केला आणि १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरविले. अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर त्याच्या उद्घाटनास आले होते. राजधानीतील बाबू लोकांना शेतकऱ्याचे तोंड पाहावयास लावण्याचा हा मोठाच प्रयत्न होता.

मंत्र्यांची नावे इतिहासात राहतात. परंतु क्वार्टरातील परसाला खरा हात दिला तो एका संस्थेने. बिहारातील पुसा ह्या गावी १९०५ साली स्थापन झालेली शेतकी संशोधन संस्था १९३४ च्या भूकंपात मोडकळीस आली आणि १९३६ साली नव्या दिल्लीस हलविण्यात आली. गावाचे नाव मात्र तिने सोबत आणले. म्हणून आजही दिल्लीकर त्या साऱ्या परिसराला पुसाच म्हणतात. एखाद्या संस्थेची बदली व्हावी, नव्या गावी तिने मुळे धरावीत आणि जुन्या गावाचे नाव तिथे रुजवावे, ह्याहून आपल्या वाचकांना जवळचे उदाहरण कोणते असणार? तेथे निघालेल्या भाज्यांच्या वाणांनी उत्तर हिंदुस्थानातील परसे बदलली. पानांच्या शिरा पिवळ्या पडून भेंडी वाया जात असे. त्या रोगाला तोंड देणारी 'पुसा सावनी' हरभजन सिंग ह्यांनी काढली. ती शक्ती पुढे ओसरली, तरी अनेक वर्षे भेंडी म्हणजे सावनी असे समीकरण होते. 'पुसा रुबी' हा टोमॅटो एका परदेशी वाणाच्या आणि सुधारित मेरठी वाणाच्या संकरातून निघाला. मेरठ आपल्या शेजारचेच. 'पुसा ज्वाला' ही मिरची तर महाराष्ट्रातही पोहोचली.

तथापि बी चांगले असले म्हणून भागत नाही. गावाचे हवापाणी ओळखावे लागते. कोकणातून वा देशावरून आलेल्या गृहिणीला दिल्लीचे पंचांग नव्याने शिकावे लागले. आपल्याकडे पाऊस म्हणजे पेरणी. येथे खरा हंगाम दसऱ्यानंतर सुरू होतो. मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर, आंबट चुका, नवलकोल हे सारे ऑक्टोबरात पेरावे आणि थंडीभर खुडून खावे. भेंडी, गवार, दुधी, काकडी ह्यांची पेरणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे लू सुटण्यापूर्वी त्यांनी जीव धरावा. अळूचे कंद जूनच्या शेवटी लावले की श्रावणात अळूवड्या होतात. थंडीत पाने जळून जातात, परंतु कंद मातीत जिवंत राहतो आणि उन्हाळ्यात पुन्हा कोंब काढतो. कढीलिंब डिसेंबरात पिवळा पडतो. त्याचे पाणी कमी करावे, रात्री गोणपाटाचा आडोसा द्यावा आणि धीर धरावा, फाल्गुनात तो पुन्हा पालवतो. नारळाचा हट्ट मात्र सोडून द्यावा हेच शहाणपण. हे ज्ञान कोणत्याही कार्यालयाने परिपत्रक काढून दिले नाही. एका कुटुंबाने दुसऱ्या कुटुंबाला, शेजारणीने शेजारणीला, कुंपणावरून ते दिले.

खताची गोष्ट तर अधिकच आपुलकीची आहे. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ प्रथम त्याच बिहारातील पुसा येथे होते. १९२४ साली ते इंदूरला गेले आणि होळकरांच्या त्या राज्यात त्यांनी शेतीच्या टाकाऊ मालापासून खत करण्याची पद्धत बसविली. ह्या पद्धतीवरील त्यांचे पुस्तक १९३१ साली निघाले आणि त्यावर त्यांच्या नावाशेजारी दुसरे नाव आहे ते यशवंत वाड ह्यांचे. पुढे सेंद्रिय शेतीचे जनक म्हणून हॉवर्ड जगभर गाजले. वाडांचे नाव मात्र त्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच राहिले. पद्धत साधी आहे. पालापाचोळा आणि भाजीची देठे ह्यांचा थर, त्यावर शेणाचा, त्यावर माती व लाकडाच्या राखेचा, असे थर रचीत जावे. पिळलेल्या फडक्याइतका ओलावा राखावा. मधून मधून ढीग वरखाली करावा. तीनेक महिन्यांत काळे, भुसभुशीत, पावसाच्या पहिल्या सरीसारख्या वासाचे खत तयार होते. इंदुरातून निघून जगभर फिरून आलेली ही विद्या आज शहरी बागकामाच्या पुस्तकांत परकी पाहुणी म्हणून भेटते. तिच्या जन्मपत्रिकेवर एक मराठी नाव आहे, हे आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवावे.

परसातून आता स्वयंपाकघरात जाऊ. उन्हाळ्याची बेगमी हा आपल्या संसारातील एक सोहळाच असे. पापड, कुरडया, चिकवड्या, सांडगे, सांडगी मिरच्या, कैरीचे लोणचे हे सारे पावसाच्या आत उरकावयाचे, आणि कोकणात ती घाई भारी. मुंबईस पावसाची सर्वसाधारण तारीख हवामान खात्याने २०२० साली ११ जून ठरविली आहे, दिल्लीची २७ जून. म्हणजे दिल्लीत गृहिणीला वाळवणासाठी पंधरवड्याहून अधिक कोरडे दिवस जास्त मिळतात. शिवाय मे महिन्यातील येथील हवा अशी की कुरडई एका दिवसात खडखडीत व्हावी. ज्या उन्हाला आपण दिल्लीत आल्यापासून दूषणे देत आलो, ते उन्ह वाळवणाच्या बाबतीत कोकणच्या उन्हाहून सरस आहे, हे कबूल करावेच लागेल. अडचण एकच, ती आंधीची. दुपारी आकाश पिवळे झाले की पातळ मलमल घेऊन गच्चीवर धावावे लागते. मसाल्यांचे म्हणाल तर खारी बावलीसारखी पेठ आपल्याकडे नाही. गोड्या मसाल्यातील दगडफूलही तेथे 'पत्थर फूल' ह्या नावाने मिळते. आमसूल मात्र कोकणातूनच यावे लागते.

ह्या व्यवहारात दिल्लीने आपल्याला काही दिले आणि आपल्याकडून काही घेतले. १९४७ नंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या कुटुंबांनी शहराची चव पालटली. थंडीत काळ्या गाजरांची कांजी उन्हात ठेवावी, फूलकोबी, गाजर आणि शलजम ह्यांचे गोडसर लोणचे घालावे, उडदाच्या वड्या करून वाळवाव्यात, हे मराठी घरांनी त्यांच्याकडून उचलले. उलट आपले थालीपीठ आणि आपला चिवडा त्यांच्या घरी गेला. लोणच्याला मोहरीचे तेल की तिळाचे, हा वाद मात्र मिटला नाही आणि तो मिटू नये. ज्यांनी आपले घर, शेत, झाड सर्व मागे टाकले होते त्या माणसांनी नव्या गावी पहिल्या वर्षीच बरण्या भरल्या, ही गोष्ट आपल्यासारख्या बदलीच्या माणसांनी आठवावी. आपल्याला तर परत जावयास गाव आहे.

दुसरे मोठे वळण १९६५ चे. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला, ऑगस्ट-सप्टेंबरात पाकिस्तानशी युद्ध झाले, आणि अमेरिकेने पी. एल. ४८० खालील गहू थोडा थोडा, हात आखडून देण्याचे धोरण धरले. १९६४-६५ साली सुमारे ८ कोटी ९० लाख टन झालेले धान्य १९६५-६६ साली ७ कोटी २० लाख टनांवर आले. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी दहा जनपथ ह्या आपल्या निवासाच्या हिरवळीवर नांगर चालविला आणि देशाला सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. मराठी घरांना ह्यात एक गमतीदार पेच होता. सोमवारचा उपास आपल्याकडे दिवसभर करून सायंकाळी सोडतात. शास्त्रीजींनी मागितले ते नेमके तेच जेवण! त्याच सुमारास अन्न व कृषी खात्यात अण्णासाहेब शिंदे उपमंत्री होते आणि पुढे राज्यमंत्री म्हणून १९७७ पर्यंत त्याच क्षेत्रात राहिले. दिल्लीच्याच जौंती गावच्या शेतकऱ्यांनी पुसाच्या शास्त्रज्ञांच्या साह्याने नव्या गव्हाचे बी पिकविले. १९६६ साली मेक्सिकोहून १८,००० टन बियाणे आले, आणि पुढील हरितक्रांतीची कहाणी सर्वांना ठाऊक आहे.

आता थोडे थांबून ह्या इतिहासाचा अर्थ लावू. १९४२, १९४८, १९६५ ह्या तिन्ही वेळी दिल्लीच्या हिरवळीने भाजीला जागा दिली, आणि संकट सरताच बहुतेक ठिकाणी पुन्हा हिरवळ उगवली. वरून आलेला हुकूम वरच्या बंगल्यापुरता टिकला. 'अधिक धान्य पिकवा' मोहिमेची चौकशी करणाऱ्या समितीने १९५२ साली असाच निष्कर्ष काढला होता की, लोकांच्या साऱ्या जीवनाशी जोडल्याखेरीज अशी मोहीम मूळ धरत नाही. त्याच काळात क्वार्टरांच्या मागची परसे मात्र कोणत्याही मोहिमेवाचून चालली. त्यांनी देशाचा अन्नप्रश्न सोडविला, असे म्हणणे हास्यास्पद होईल; चार वाफ्यांतून कुटुंबाचे धान्य निघत नाही. त्यांनी दुसरे काम केले. चुका कसा दिसतो, अळूचे कोणते पान खाजरे, चिक किती दिवस आंबवावा, हे ज्ञान त्यांनी दिल्लीत जन्मलेल्या मुलांपर्यंत पोहोचविले. भाषा जशी बोलल्याने टिकते तशी चव लावल्याने, खुडल्याने, वाळविल्याने टिकते. ज्या घरात परस होते त्या घरातील मुलांना 'आळे', 'वाफा', 'कोंब', 'खुडणे' हे शब्द कोशात शोधावे लागले नाहीत.

इंग्लंडचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. दुसऱ्या महायुद्धात तेथेही मैदाने खणून भाजी लावण्याची प्रचंड मोहीम झाली आणि युद्ध संपल्यावर तिचा जोर ओसरला. परंतु तेथे १९०८ सालापासून एक कायदा आहे. ज्यांना जमीन नाही अशा नागरिकांची मागणी असेल तर नगरपालिकेने त्यांना लागवडीसाठी लहान तुकडे भाड्याने द्यावेत, असे त्यात बंधन आहे. त्यामुळे मोहीम संपली तरी तुकडा राहिला. आपल्या राजधानीत मोहिमा झाल्या, कायदा झाला नाही. परस राहिले ते केवळ बांधकामाच्या जुन्या नकाशात राहिले म्हणून. नकाशा बदलला की ते जाणार, हे उघड होते.

आणि नकाशा बदलला आहे. १९८५ च्या कायद्याने राष्ट्रीय राजधानी क्षेत्र आखले गेले. नोएडा, गाझियाबाद, फरीदाबाद, गुरुग्राम येथे उंच इमारती उभ्या राहिल्या आणि निवृत्तीनंतर दिल्लीत राहिलेली आपली अनेक कुटुंबे तिकडे गेली. २०१६ साली मंत्रिमंडळाने सरोजिनीनगर, नेताजीनगर, नौरोजीनगर, श्रीनिवासपुरी इत्यादी सात सरकारी वसाहतींच्या पुनर्बांधणीस मान्यता दिली. १२,९७० जुन्या घरांच्या जागी सुमारे २५,६६७ नवी घरे, असा तो हिशोब होता. २०१८ साली झाडे तोडण्यावरून नागरिक न्यायालयात गेले आणि वृक्षांची चर्चा देशभर झाली. परसांची मात्र कोणी केली नाही, कारण त्यांची नोंद कोणत्याच कागदावर नव्हती. नव्या घरांची गरज आम्ही नाकारीत नाही. वाट पाहत वर्षे काढणाऱ्या कनिष्ठ नोकराला छप्पर मिळाले पाहिजे, ते चार वाफ्यांपेक्षा निश्चितच मोलाचे आहे. परंतु ज्या आवारात हजारो मोटारींची जागा आखली जाते, त्या आवारात रहिवाशांना वर्षाच्या कराराने देता येतील असे दहा-दहा हातांचे वाफे आखणे अशक्य का असावे? आमच्या वाचकांपैकी काहींच्या मेजावरून असे नकाशे जातात. त्यांनी समासात एवढी एक ओळ लिहावी, अशी आमची विनंती आहे.

गरज तर पूर्वीहून वाढली आहे. यमुनेच्या खादरातील भाजी एकेकाळी दिल्लीचे भूषण होती; नदीचे पाणी इतके बिघडले की २०१५ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने, नदी स्वच्छ होईपर्यंत, पूरक्षेत्रात खाण्याची पिके घेण्यास मनाई केली. आपल्या ताटातील पालक कोणत्या पाण्यावर वाढला, हे विचारण्याची वेळ येथल्या माणसावर आली आहे. निदान एक पालेभाजी अशी असावी की जिचे पाणी आपण स्वतः घातले.

नवशिक्याने आरंभ लहानच करावा. सज्जात पाच-सहा तास ऊन येत असेल तर चार कुंड्या पुरेत. ऑक्टोबरात एकीत डब्यातलीच मेथी पेरावी. महिन्याभरात ती खुडावयास येते आणि आत्मविश्वास देऊन जाते. दुसरीत धणे दोन पाकळ्या होतील इतपत रगडून टाकावेत. तिसरीत पुदिन्याच्या काड्या, चौथीत कढीलिंब. पावसाळा आला की एका पसरट टबात अळूचे दोन कंद. झाकणाच्या बादलीत इंदुरी पद्धतीचे लहान रूप करता येते. शेणाऐवजी थोडे तयार खत विरजण म्हणून घालावे. मे महिन्यात कुंड्या भिंतीच्या सावलीत ओढाव्यात, सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावे, आणि सज्जाच्या उन्हात एक ताटभर कुरडया घालाव्यात. पहिल्या वर्षी निम्मे वाळून जाईल. त्याचे दुःख करू नये. दुसऱ्या वर्षी एखादी गावठी भेंडी झाडावरच पुरी वाळू द्यावी आणि तिचे बी कागदाच्या पुडीत, वर वाणाचे नाव व साल लिहून, ठेवावे. पहिली कुंडी भरण्याहूनही ही पहिली पुडी बांधणे अधिक महत्त्वाचे आहे.

कारण बदली होणारच. क्वार्टर सोडताना पंखे, दिवे, नळ, काचा ह्यांची यादी करून ताबा द्यावा लागतो. कढीलिंब त्या यादीत नसतो. तो मागे राहतो आणि पुढच्या कुटुंबाच्या फोडणीत पडतो. ते कुटुंब तमीळ असो, बंगाली असो की गढवाली, त्याला ते झाड कोणी लावले हे कळण्याची गरज नाही. आपणही कोणा अनोळखी माणसाने लावलेल्या शेवग्याच्या शेंगा खाल्ल्या आहेत. सरकारी घरात राहणाऱ्या लोकांचा एकमेकांशी असलेला हा अलिखित व्यवहार फार जुना आहे, आणि तो चालू राहावा एवढीच इच्छा. झाड ठेवून जावे, बियांची पुडी सोबत न्यावी, आणि नव्या गावी सामान उघडण्याच्या पहिल्याच आठवड्यात शेजाऱ्याला विचारावे की, तुमच्याकडे मेथी कधी पेरतात?